देवाला ‘किती काळ?’ असं विचारलं तर चालतं का?

‘ताई, सलाम. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझं वय 44. यजमान टेम्पो चालवायचे. बीपी आणि साखरेनं दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी घरी शिवणकाम करते. मुलगी बारावीला, मुलगा नववीला. मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्येच वाढले, माझे आजोबा पाळक होते. पण हल्ली उपासनेत उभी राहून गाते आणि आत काहीच हलत नाही. घरातल्या प्रार्थना सभेत मंडळीतल्या एका भावाने सगळ्यांसमोर सांगितलं की या घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, नाहीतर विश्वास कमी पडतोय. नणंद म्हणते, आरोग्यसभेला न्या, तिथं प्रार्थना झाली की डायलिसिस बंद करा आणि साक्ष द्या. आमच्याकडे बायबलच्या वचनांचं कॅलेंडर आहे. या महिन्याचं वचन यिर्मया 29:11, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, असं. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मुलीने विचारलं, “मम्मी, देव पप्पांना बरं का करत नाही?” मला उत्तर देता आलं नाही. सकाळी उठल्यावर आधी मी यजमानांच्या हातावर बोटं ठेवून फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, चालू आहे का बघते, मग चहा टाकते. प्रार्थना म्हणाल तर तेवढीही होत नाही. माझा विश्वास संपला का?’

— एक बहीण

प्रिय ताई, सलाम.

नणंदबाईंच्या म्हणण्याला आधी उत्तर देते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. डायलिसिस बंद करायचं नाही. एक पाळीही चुकवायची नाही. मी बरीच वर्षं रुग्णालयात काम केलं आहे. पाळी चुकली की काय होतं ते मी पाहिलंय. अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरतं, माणसाला आडवं झोपता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. कुणी प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवत असेल तर ठेवू द्या, मीही ठेवीन. पण ‘आता मशीन सोडा’ असं जो सांगतो, त्याचं ऐकू नका, मग तो किती का मोठा सेवक असेना. देवाने बरं केलंच तर ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसेल आणि डॉक्टर आपण होऊन पाळ्या कमी करतील. देवाचं काम तपासणीला भीत नाही.

नणंदबाई वचनं काढून वाद घालतील. त्यांना पवित्र शास्त्रातूनच सांगा. हिज्कीया राजा मरणाला टेकला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रेमाने वैद्यच म्हणतो. पौलाचा तरुण साथीदार तीमथ्य, त्याला वरचेवर आजारपण यायचं. त्याला पौलाने ‘तुझा विश्वास कमी’ असं लिहिलं नाही. पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असं लिहिलं. आपला सोबती त्रफिम याला तर पौल मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवून पुढे गेला. ज्याच्या हातून इतकी माणसं बरी झाली, त्याचा स्वतःचा सोबती आजारी राहिला आणि पौलाने ते पत्रात सरळ लिहून टाकलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

आता त्या भावाचं बोलणं. ताई, ते वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. दोन वर्षं आजारपण काढणाऱ्या घरात जायचं, तुमच्याच सतरंजीवर बसायचं, तुमचाच चहा प्यायचा आणि मुलांच्या देखत सांगायचं की या घरात पाप लपलंय! येशूला त्याच्या शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं. जन्मांध माणूस समोर होता आणि ते विचारत होते, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं त्याने स्पष्ट सांगितलं. आणि दुःखाने, आजाराने गांजलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. ते आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी अक्षर काढलं नाही. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि तुमच्या त्या भावासारखंच बोलू लागले. शेवटी देव कुणावर रागावला? जो ईयोब देवाला जाब विचारत होता, त्याच्यावर नाही. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या अलीफजावर आणि त्याच्या दोन सोबत्यांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना म्हणतो. वर, ज्याला त्यांनी दोषी ठरवलं त्या ईयोबानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, असंही सांगतो.

पाळकसाहेबांना भेटा आणि तुमच्या घरी होणाऱ्या सभेत कुणी काय बोलावं हे त्यांनाच ठरवू द्या. तो भाऊ घरी येणार नसेल तर काही बिघडत नाही. यजमानांनी आजवर साखर सांभाळली की नाही, गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही, हा त्यांचा आणि डॉक्टरांचा प्रश्न. तो शापाचा प्रश्न नाही. दोन्हीची गल्लत होऊ देऊ नका.

आता कॅलेंडर. ते भिंतीकडे फिरवलंत म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय हे पत्रातून कळतं. मला त्यात अपराध दिसत नाही. पण ते वचन जिथून उचललंय तो अख्खा अध्याय तुम्ही कधी सलग वाचलाय का? वाचा. कॅलेंडरवर मावतं तेवढंच वचन छापलं जातं, आणि या वचनाच्या बाबतीत तर पुष्कळच गाळलं जातं. ते एक पत्र आहे. यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) पाठवलेलं, घरदार सोडून कैदेत नेलेल्या लोकांना. त्या लोकांना रोज कुणी ना कुणी सांगत होतं की फार दिवस नाहीत, लवकरच सुटका, देवाने मला सांगितलंय. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने तर दोन वर्षांचा वायदा केला होता. यिर्मया लिहितो की हे खोटं आहे. 70 वर्षं लागतील. तोवर घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं होवो म्हणून प्रार्थना करा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर ते वचन येतं, हिताच्या संकल्पांचं, आशेचं. म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांतल्या बहुतेकांना माघारी जाणं दिसणार नव्हतं. त्यांनाच ते लिहिलं होतं.

मला विचाराल तर हे वचन त्यामुळे जास्त खरं वाटतं. ‘पुढच्या महिन्यात सगळं ठीक होईल’ असं ते तुम्हाला सांगत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आलं तर ते खोटंही पडत नाही. ते सांगतं की लांबलेल्या दिवसांतही देव तिथेच आहे आणि त्या दिवसांत जगायचं आहे, नुसतं थांबून राहायचं नाही. तुमची मुलगी बारावीचा अभ्यास करते आहे. तुम्ही शिवणाच्या ऑर्डरी घेताय. बाबेलमध्ये बागा लावणं यापेक्षा फार वेगळं नसणार.

याच यिर्मयाची आणखी एक गोष्ट, 32व्या अध्यायातली. ती मी आजारी माणसांच्या घरी पुष्कळदा वाचते. बाबेलच्या फौजेचा यरुशलेमेला वेढा पडला आहे. शहर पडणार, हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे आणि त्यासाठीच राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलं आहे. अशात त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे शहराबाहेर, जिकडे शत्रू पसरलेला. अशा वेळी जमीन कोण घेतं? आपल्याकडे कुणी घेतली असती तर भावकीने वेड्यात काढलं असतं. देवाने सांगितलं म्हणून यिर्मया घेतो. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदार बसवतो, खरेदीखत करतो, एक मोहरबंद आणि एक उघडं, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला देतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचं म्हणणं.

मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो, आणि उपदेशात तो सहसा येत नाही. व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो. आधी देवाची स्तुती करतो, आणि मग त्याच्या तोंडून निघतं ते असं की शत्रूने रचलेले मातीचे ढीग शहराला भिडलेत, तलवार आहे, दुष्काळ आहे, मरी आहे, तुला दिसतंयच, आणि तरी तू मला म्हणतोस की पैसे मोजून शेत घे! पैसे देऊन झालेत, सही झालीय, आणि मन अजून विचारतंच आहे. देव त्याला हाकलून देत नाही, उत्तर देतो. ते शेत यिर्मयाला कसायला मिळालं नाही. त्याला लोकांनी पुढे मिसर (इजिप्त) देशात नेलं. खरेदीखत मात्र झालेलं होतं.

ताई, तुम्ही सकाळी उठून यजमानांच्या मनगटाजवळ बोटं ठेवता. फिस्टुला चालू असला की बोटांखाली मधमाशी गुणगुणावी तशी थरथर लागते, हे मला माहीत आहे. ती लागली की मग चहा टाकता. तुम्ही लिहिलंय की प्रार्थना तेवढीही होत नाही. मला वाटतं, तीच तुमची सकाळची प्रार्थना आहे, आणि खरेदीखतही तेच. आत काही हलत नसताना, उद्याचा भरवसा नसताना, या माणसाचा आजचा दिवस आहे असं धरून तुम्ही रोज हात पुढे करता. विश्वास संपलेली बाई हे करत नाही. त्या वेळी शब्द सुचत नसतील तर सुचवू नका. आपण काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 8व्या अध्यायात आहे. बोटं ठेवा, थरथर लागली की ‘प्रभू’ एवढंच म्हणा. पुरे.

आणि उपासनेत गाताना काही वाटत नाही, त्याची भीती बाळगू नका. दोन वर्षांत तुम्ही सलग किती रात्री झोपलात? एलीया आठवतो का? एवढा संदेष्टा, रानात झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवदूत आला तो भाकर आणि पाण्याची सुरई घेऊन. खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. उपदेशाचा एक शब्द नाही. थकव्याला देवाने थकवाच मानलं. रविवारी जमेल तसं जा. गाता येत नसेल तर बसून राहा, आजूबाजूच्या बायका गातात तेवढं तुमच्या वाटचंही गाऊ द्या. मंडळी त्यासाठीच असते.

स्तोत्रसंहितेतली दुःखाची स्तोत्रं मात्र वाचा. आपण 23वं पाठ करतो, 91वं दारावर लावतो, आणि 13वं आणि 88वं चाळून पुढे जातो. 13वं स्तोत्र सुरूच होतं ‘हे परमेश्वरा, किती काळ?’ या प्रश्नाने, आणि तोच प्रश्न पहिल्या दोन ओळींत पुन्हा पुन्हा येतो. पुढे ते भरवशावर येऊन थांबतं. 88वं तर थांबतच नाही, अंधाराशी संपतं. ‘पण देवा, तू चांगला आहेस’ अशी शेवटची ओळही त्यात नाही. आणि ही स्तोत्रं कुणी चोरून लिहिलेली नव्हती. मुख्य गवयासाठी म्हणून दिलेली, लोकांनी मिळून उपासनेत गायची होती. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही स्तोत्रच, 22वं, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ तेव्हा तुमचा प्रश्न मंडळीबाहेरचा नाही. रात्री यजमान झोपल्यावर 88वं मोठ्याने वाचा. तुमच्या मनातलं कुणीतरी आधीच देवाच्या तोंडावर बोलून ठेवलंय, हे कळेल.

आपल्या मराठी मंडळीत दुःखाशी ओळख नसलेली माणसं होती असंही नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती गेले, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. हे सगळं ख्रिस्ताकडे येण्याआधीचं. पण ख्रिस्ताकडे आल्यावर दुःख थांबलं का? केडगावला मुक्ती मिशन ही संस्था उभी राहिली, दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी तिथं आसरा दिला, आणि जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं होतं ती एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली त्यांच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत होत्या. ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. त्यांच्या विश्वासात काय कमी होतं, हे त्या प्रार्थना सभेतल्या भावाने मला येऊन सांगावं.

मुलीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यांत अवघड आहे. तिला खोटं उत्तर देऊ नका. ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवू नका, ‘देव परीक्षा घेतोय’ हेही नको. परीक्षेचं वर्ष आहे तिचं, तिला देव पेपर तपासणारा वाटायला लागेल. सरळ सांगा, ‘मला माहीत नाही बाळा. मीही देवाला हेच विचारते.’ सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आईचं ‘माहीत नाही’ पेलतं. आई बनवतेय असं वाटलं तर ते पेलत नाही. मग तिला येशूचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी न्या. येशूला माहीत होतं की तो लाजराला उठवणार आहे, आणि तरी लाजराच्या बहिणीला, मरियेला, रडताना पाहून तो रडला. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही त्याने आजचं रडणं टाळलं नाही. देव पप्पांना बरं करेल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. डायलिसिसच्या त्या चार तासांत पप्पांजवळ तो आहे, हे मी तिला ठामपणे सांगेन, कारण मी स्वतः त्यावर विसंबून आहे. आणि पुनरुत्थानावर आपण विश्वास ठेवतो म्हणजे शेवटचा शब्द आजाराचा नाही, हेही सांगेन. पण ते दुसऱ्या दमात. पहिल्या दमात तिला जवळ घ्या आणि रडायचं असेल तर रडू द्या. तुम्हीही.

तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं असेल. ‘मी नीट प्रार्थना केली असती तर’ असं मुलांना वाटतं, आणि सभेतलं ते बोलणं तिनेही ऐकलंय. तिला नाव घेऊन सांगा की पप्पांचा आजार तुझ्या प्रार्थनेवर टांगलेला नाही. आपला मुलगा घेऊन आलेल्या त्या बापाने येशूला म्हटलं होतं, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक.’ अर्ध्यामुर्ध्या विश्वासाने बोलला, आणि येशूने त्याच्या मुलाला बरं केलं.

यजमानांचं मन काय म्हणतं ते पत्रात कुठेच आलं नाही. गाडी चालवणारा माणूस दोन वर्षं घरात बसलाय. त्यांना विचारा, प्रार्थनेत मी तुमच्यासाठी नेमकं काय मागू? कदाचित ते किडनी म्हणणारच नाहीत.

मंडळीकडून मदत मागायला लाजू नका. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढ्यावर थांबू नका, काम सांगा. आठवड्यातल्या एका पाळीला यजमानांबरोबर कुणीतरी बसायला यावं, म्हणजे तुमची ती दुपार सुटेल. दवाखान्यात न्यायला-आणायला तरुण संघातला एखादा मुलगा गाडी काढेल. महिला मंडळाच्या बायकांना एका दिवसाचा डबा सांगा, पण मीठ कमी, आणि फळं विचारल्याशिवाय आणू नका म्हणावं, कारण प्रेमाने आणलेली केळीही डायलिसिसच्या माणसाला चालत नाहीत. पाळकसाहेबांना हे लिहून द्या. पुष्कळदा लोकांना करायचं असतं, काय करावं ते सुचत नाही, म्हणून ते उपदेश करतात.

आणि खर्चाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तो असणारच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना ते मोफत मिळतं. तुम्ही अजून पैसे भरत असाल तर पुढच्या पाळीला रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं बरोबर घ्या. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला मशीन सुरू व्हायच्या आधीच गाठा. नंतर चार तास तुम्ही यजमानांपाशी असाल आणि तो काउंटर सोडून गेलेला असेल.